प्लग कुणी काढायचा?

दुसऱ्याच्या वस्तूला त्याला न विचारता हात लावायचा नाही, हे आपल्या सगळ्यांना लहानपणी शिकवलेलं असतं. आणि ज्यांचं लहानपण चाळीत गेलं त्यांना ह्याच्या बरोब्बर उलटं शिक्षण नळावर मिळालेलं असतं. शेजारणीची कळशी भरून वाहायला लागली आणि ती बाई घरात दूध उतू जातंय म्हणून धावली असेल, तर कळशी उचलून बाजूला ठेवायची आणि आपला हंडा लावायचा. विचारायला थांबायचं नाही, कारण पाणी तासभरच. माझी आजी गिरगावातल्या चाळीत चाळीसेक वर्षं राहिली. तिच्या लेखी ह्यात एकच अट होती : भरलेली उचलावी, अर्धी उचलू नये. अर्धी उचलणाऱ्या एका बाईचं नाव ती अखेरपर्यंत विसरली नव्हती!

आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात आजीच्या नळापासून केली ह्याला कारण आहे. पुण्याच्या आत्तेभावानं दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली, आणि तेव्हापासून "तुमच्याकडे काय पद्धत आहे रे?" असे त्याचे प्रश्न सुरू आहेत. मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आसपास, बरीच वर्षं राहतो. त्यामुळे सगळ्या इलेक्ट्रिक प्रश्नांची उत्तरं मला येतात असा घरच्यांचा समज आहे. (आत्यानं तर मिक्सर बंद पडल्यावरही फोन केला होता.) त्याला उत्तरं देता देता मीच जरा मागचं वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की चार्जरवरच्या रीतिभातींना चांगला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातली पहिली शंभर वर्षं तर अशी, की रीतिभाती लागल्याच नाहीत.

सुरुवात १८९७ सालापासून करू. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी ह्या तरुण इंजिनिअरच्या विजेवर चालणाऱ्या टॅक्सी धावायला लागल्या. त्यांच्या गुणगुणण्यामुळे लोकांनी त्यांना 'हमिंगबर्ड' नाव दिलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही इलेक्ट्रिक घोडागाड्या (म्हणजे घोडा वजा केलेल्या) सुरू झाल्या. दोन्हीकडे पद्धत साधारण एकच होती. टॅक्सी कंपनीच्या आगारात यायची, खालची जड बॅटरी यंत्रानं काढून घ्यायची, भरलेली बसवायची, आणि गाडी परत रस्त्यावर. चार्जिंग आगारात, कंपनीच्या माणसांच्या हातून. लंडनचा प्रयोग १८९९ मध्ये गुंडाळला गेला, पण ते निराळं.

१९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यातल्या १,५७५ विजेच्या होत्या. वाफेच्या त्याहून थोड्या जास्त, आणि पेट्रोलच्या हजाराच्या आत! पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शहरातल्या पैसेवाल्या घरांत, विशेषतः बायकांसाठी, विजेची गाडी ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची. नवऱ्याच्या कारखान्यातून मॉडेल टी लाखांनी बाहेर पडताहेत आणि बाईसाहेब विजेच्या गाडीतून मैत्रिणीकडे चालल्या आहेत, हे चित्र मला फार आवडतं. ह्या गाड्या रात्री एकतर घरच्या गॅरेजमध्ये चार्ज व्हायच्या, नाहीतर गल्लीतल्या सार्वजनिक गॅरेजमध्ये. तिथं नोकर असे. कुठली गाडी आधी, कुठली नंतर, कुठल्या बॅटरीत पाणी घालायचं, हे सगळं तो बघायचा. मालकाला सकाळी गाडी तयार मिळायची.

इथं मला पहिल्यांदा थांबावंसं वाटलं. त्या काळातही चार्जिंगला तास न् तास लागत, गाड्या जास्त आणि जागा कमी असं होतच असणार. पण दोन मालक समोरासमोर येण्याचा प्रसंगच नव्हता. मध्ये एक पगारी माणूस होता. चार्जरवरची भांडणं जन्माला यायला तो मधला माणूस जावा लागला.

पेट्रोलच्या बाबतीत हा माणूस बराच टिकला. आपल्याकडे तर तो अजून आहे : "झीरो बघा साहेब." अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो केव्हाच गेला. न्यू जर्सीत मात्र १९४९ पासून स्वतः पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे. ऑरेगनमध्ये १९५१ पासून तसंच होतं, ती बंदी २०२३ मध्ये उठली. पण पेट्रोलचं काम पाच मिनिटांचं. माणूस असो नसो, नळी टाकीत अडकवून कोणी सिनेमाला जात नाही. चार्जरचं तसं नाही. काम सावकाशीचं, देखरेखीला कोणी नाही, आणि गाडी लावून मालक निघून गेलेला. चाळीच्या नळाशी त्याचं जितकं साम्य आहे तितकं पेट्रोल पंपाशी नाही.

असो. १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला, हँडल मारायचं कष्टाचं काम संपलं, पेट्रोल स्वस्त होत गेलं, गावांबाहेर चांगले रस्ते झाले, आणि विजेची मोटार मागे पडत पडत दिसेनाशी झाली. ती परत आली कॅलिफोर्नियात.

१९९० साली कॅलिफोर्नियाच्या हवामंडळानं नियम केला की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या इथं विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी २ टक्के गाड्या शून्य धुराच्या हव्यात. नंतर तो पातळ करण्यात आला, पण त्याच्या धाकानं काही गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली जनरल मोटर्सची ईव्ही-१. डिसेंबर १९९६ पासून ती लोकांना मिळायला लागली, तीही विकत नाही, भाडेकरारानं. एकूण १,११७ गाड्या बनल्या. तिचा चार्जर म्हणजे एक चपटं प्लास्टिकचं पॅडल, आपल्या धोपाटण्यासारखं. ते गाडीच्या नाकात, दोन दिव्यांच्या मधल्या खाचेत सरकवायचं. धातूला धातू लागत नसे, चुंबकीय क्षेत्रातून वीज जायची. भर पावसातही धोका नाही. फोर्डच्या रेंजर ट्रकचा प्लग मात्र निराळा होता. म्हणजे एकाच पार्किंगमध्ये दोन जातींचे चार्जर, आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. २००१ मध्ये हवामंडळानं पॅडल बाद ठरवलं आणि धातूचा प्लग हेच पुढचं प्रमाण मानलं.

मला ह्या काळाबद्दल आकर्षण वाटतं ते गाडीपेक्षा माणसांमुळे. पॅडलला कुलूप नव्हतं. कोणीही यावं, शेजारच्या गाडीतून पॅडल काढावं, आपल्या गाडीत घालावं. आणि लोक तसं करत, राजरोस! डॅशबोर्डवर काचेतून दिसेल अशी एक चिठ्ठी ठेवायची पद्धत पडली होती : अमुक वाजेपर्यंत मला गरज आहे, त्यानंतर खुशाल काढा, अडचण असेल तर हा फोन नंबर. ज्याची गाडी भरली त्याचं काढायचं, ज्याची भरली नाही त्याच्या चिठ्ठीवरची वेळ बघायची. आजीचाच नियम की हो हा! हजार-दोन हजार गाड्या, त्यांचे मालक एकमेकांना नावानं ओळखणारे, ई-मेलच्या यादीवर रोज भेटणारे. गैरवागणूक केली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढं लहान ते गाव होतं.

२००३ मध्ये जनरल मोटर्सनं कार्यक्रम बंद केला, गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक सगळ्या चिरडल्या. त्यावर क्रिस पेन ह्यानं २००६ मध्ये एक माहितीपट काढला, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर पाहा. दुकानांबाहेरचे ते पॅडलवाले चार्जर मग कितीतरी वर्षं धूळ खात उभे होते.

पुढचा अंक डिसेंबर २०१० मध्ये सुरू होतो. निसानची लीफ आणि शेव्हरोलेची व्होल्ट एकाच महिन्यात रस्त्यावर आल्या. लीफ संपूर्ण विजेची. व्होल्टमध्ये बॅटरीच्या जोडीला पेट्रोलचं इंजिन, म्हणजे बॅटरी संपली तरी गाडी चालतच राहणार. प्लग दोघींचा एकच. आता सांगा, चार्जर एक आणि गाड्या ह्या दोन, तर हक्क कुणाचा पहिला? लीफवाले म्हणणार, तुझ्याकडे पेट्रोल आहे, माझी गाडी रस्त्यात मरेल. व्होल्टवाले म्हणणार, पेट्रोल जाळायचं नाही म्हणून तर ही गाडी घेतली, आणि मी आधी आलो. दोघांचंही बरोबर आहे हीच पंचाईत.

त्यात कायद्यानं हात घातला. तोपर्यंत कॅलिफोर्नियात शून्य धुराच्या गाडीला सरकारी चिकटपट्टी असली की चार्जरच्या जागेत उभं राहायचा हक्क होता, प्लग लावलेला असो वा नसो. व्होल्टला ती मिळत नसे. २०११ च्या शरद ऋतूत गव्हर्नर जेरी ब्राउन ह्यांनी नव्या कायद्यावर सही केली : चार्जरच्या जागेत उभी असलेली गाडी चार्जिंगसाठी जोडलेली हवी, नसेल तर ती उचलून नेता येईल. वाचताना किती शहाणपणाचं वाटतं ना? आता ती डॅशबोर्डवरची चिठ्ठी आठवा. माझी गाडी भरली, मी चिठ्ठी ठेवलेली, शेजारच्यानं भल्या मनानं प्लग काढून आपल्याला लावला, केबल दोन्ही जागांना पुरत होती. क्षणात मी कायदा मोडणारा झालो! जुन्या ईव्हीवाल्या मंडळींनी ह्याच मुद्द्यावर कायद्याला विरोध केला होता. पंधरा वर्षांत रुजलेली वाटून घ्यायची पद्धत त्या एका वाक्यानं गुन्ह्याच्या कडेला आणून ठेवली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर पेट्रोलच्या गाड्या चार्जरसमोर लावणारे आडमुठे लोक असणार. पण नळावर कधी उभं न राहिलेल्या माणसानं नळाचे नियम केले की हे असं होतं.

ह्या काळात आमच्या ऑफिसात जे झालं ते सांगतो. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण त्या वर्षांत ह्या खोऱ्यातल्या कुठल्याही कंपनीत थोड्याफार फरकानं हेच चाललं होतं. जानेवारी २०१४ मध्ये सॅन होजेच्या वर्तमानपत्रात ह्यावर मोठा लेख आला होता, 'चार्ज रेज' हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा वाचला. आमच्याकडे आठ चार्जर होते. बसवले तेव्हा गाड्या पाच, तेव्हा सुविधा फुकट म्हणून सगळे खूश. दोन-अडीच वर्षांत गाड्या तीसच्या पुढे गेल्या, चार्जर आठच राहिले.

आमच्यात खरेदी विभागात एक बाई होत्या. घरं परवडत नाहीत म्हणून लांब ट्रेसी गावी राहायच्या, एका बाजूनं शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर. गाडी जुनी लीफ. तिची बॅटरी एका भरण्यात जेमतेम तेवढंच अंतर जाणार, मध्ये आल्टामाँटचा चढ. म्हणजे ऑफिसात गाडी भरली नाही तर संध्याकाळी घरी पोचणं अवघड, आणि पाळणाघर सहाला बंद. पहाटे निघून सातला पोचायच्या त्या चार्जर मिळावा म्हणून. एके दिवशी रस्त्यात अपघात झाला होता, पोचल्या उशिरा, आठही चार्जर भरलेले. दुपारी दोनला खाली जाऊन बघितलं तर एका व्होल्टचा दिवा पूर्ण भरल्याची खूण दाखवत होता. त्यांनी प्लग काढला. व्होल्टला एक सोय होती, कोणी प्लग काढला तर ती हॉर्न वाजवायची. चोरी होऊ नये म्हणून. सगळं पार्किंग दणाणलं, वरच्या मजल्यावरून लोक खिडकीत आले.

व्होल्टवाला आमच्याच गटातला, एरवी सज्जन माणूस. त्यानं सगळ्या यादीला ई-मेल टाकलं की माझ्या मालमत्तेला विनापरवाना हात लावला गेला. बाईंनी उत्तर दिलं की तुझी गाडी अकरालाच भरली होती. मग पन्नास-साठ उत्तरं. निम्मे लोक मालमत्तेच्या बाजूनं, निम्मे पाळणाघराच्या. एकानं घोडे बांधायच्या खुंटांचा दाखला दिला, दुसऱ्यानं रोमन कायद्याचा. प्रकरण मनुष्यबळ विभागाकडे गेलं, दोघांनाही बोलावून समज देण्यात आली. बाईंनी पुढच्या वर्षी नोकरी बदलली. चार्जरमुळेच बदलली असं म्हणता येणार नाही, पण जाताना मला म्हणाल्या होत्या की त्या हॉर्नचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी तेव्हाही बाईंच्या बाजूचा होतो, आजही आहे. भरलेल्या गाडीचा प्लग काढणं ही आगळीक आहे असं मला वाटत नाही. भरलेली गाडी तीन तास तशीच ठेवणं ही आहे. माझं हे मत आमच्यातल्या बऱ्याच अमेरिकन मित्रांना धक्कादायक वाटलं होतं. मोटार म्हणजे त्यांच्या लेखी घराची एक खोली. तिला हात लावणं म्हणजे उंबरा ओलांडणं.

मग कंपनीनं सगळ्या कंपन्यांनी केलं तेच केलं. चार तासांची मर्यादा, फोनवर रांग, आणि चार तासांनंतर दर तासाला पैसे. भांडणं थांबली. त्याबरोबर एकमेकांना "झालं का हो तुमचं?" असं विचारणंही थांबलं, पण ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

पैशाच्या इलाजाची मोठी आवृत्ती टेस्लानं केली. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात पहिली सहा जलद चार्जिंग स्टेशनं उघडली. लोक गाडी लावून जेवायला जात आणि गाडी भरून तासभर झाला तरी परतत नसत. डिसेंबर २०१६ मध्ये टेस्लानं जाहीर केलं की चार्जिंग संपल्यावर पाच मिनिटांत गाडी हलवली नाही तर मिनिटाला ४० सेंट पडतील. पुढे दर वाढवून असा केला की स्टेशन अर्धं भरलेलं असेल तर मिनिटाला ५० सेंट, पूर्ण भरलेलं असेल तर एक डॉलर. स्टेशन रिकामं असेल तर काही नाही, कारण मग कोणाचं अडत नाही. हे मला न्याय्य वाटतं.

इथं मला इस्राएलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग आठवतो, २००० साली प्रसिद्ध झालेला. तिथल्या काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या आईबापांना छोटासा दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला! आधी बाई खोळंबतील ह्याची लाज वाटायची, आता पैसे भरतोय ना, मग लाज कसली. टेस्लाचा दंड मात्र लागू पडला असं माझं निरीक्षण आहे. मिनिटाला डॉलर म्हणजे लाजेची किंमत चांगली भरभक्कम ठेवली आहे, अर्धवट दंड केला असता तर कदाचित हैफासारखंच झालं असतं.

जलद चार्जरमुळे आणखी एक नवी रीत आली, ती म्हणजे ८० टक्क्यांची. आत्तेभावाला हे काही केल्या पटत नव्हतं. "पैसे देतोय तर पूर्ण का नाही भरायची?" मी त्याला दादरला लोकल भरते तसं सांगितलं. डबा रिकामा असताना पन्नास माणसं धडाधड आत शिरतात. भरत आला की शेवटची दहा माणसं आत घ्यायला तेवढाच वेळ लागतो. लिथियम बॅटरीचंही तसंच. सुरुवातीला भरपूर करंट घेते, मग सेलचं व्होल्टेज मर्यादेला पोचलं की करंट कमी कमी करत न्यावा लागतो, नाहीतर आत लिथियम धातू साचून बॅटरी खराब होते. त्यामुळे बऱ्याच गाड्यांत १० ते ८० टक्क्यांना जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच ८० ते १०० ला. मागे रांग असताना शंभरावर अडून बसणं म्हणजे दारात उभं राहून विरारची गाडी अडवणं. ह्यावरही आता दर लागले आहेत. २०२३ च्या अखेरीस टेस्लानं गर्दीच्या स्टेशनांवर ९० टक्क्यांच्या पुढे भरणाऱ्यांना जादा आकार लावला, आणि इलेक्ट्रिफाय अमेरिका ह्या दुसऱ्या कंपनीनं २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही ठिकाणी ८५ टक्क्यांना चार्जर आपोआप बंद करून पाहिला.

सगळ्याच गोष्टी काही रांगेत उभ्या असलेल्यांच्या आपसातल्या नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या हिकरी गावी काही जणांनी आपले अवाढव्य पिकअप ट्रक मुद्दाम टेस्लाच्या चार्जरसमोर आडवे लावले आणि वर घोषणा दिल्या. त्याला रीतिभातींचा भंग म्हणणं म्हणजे दरोड्याला उधारी म्हणणं. २०१९ मध्ये कोलोरॅडोनं अशांसाठी दंडाचा कायदा केला. त्यात एक बारीक तरतूद मला आवडली : चार्जिंग संपून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उभी राहिलेली इलेक्ट्रिक गाडीसुद्धा दंडाला पात्र. आडमुठेपणाला इंधनाचा भेद नाही.

आणि नॉर्वे. तिथं हे सगळं सुरूच गमतीनं झालं. १९८९ मध्ये 'आ-हा' ह्या प्रसिद्ध बँडचे मॉर्टेन हार्केट आणि मान्ये फुरुहोल्मेन, आणि पर्यावरण चळवळीतले फ्रेडरिक हाउगे ह्यांनी एक विजेवर चालणारी फियाट पांडा आणली आणि टोल न भरता नाक्यावरून जायला लागले. दंड व्हायचा, तो भरायचे नाहीत. शेवटी १९९७ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. मग पालिकेच्या जागेत फुकट पार्किंग, बसच्या मार्गिकेतून जायची मुभा. २०२४ मध्ये तिथं विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या होत्या. ऑस्लोत पालिकेचे रस्त्यावरचे चार्जर कितीतरी वर्षं फुकट होते, आणि फुकट असल्यामुळे लोक ते पार्किंग म्हणूनच वापरत. २०१९ मध्ये पैसे लागू झाले. फुकट नळावर हंडे ठेवून जागा धरणं ही काही आपलीच खासियत नव्हे तर!

युरोपात, आणि तिथलाच प्लग घेतल्यामुळे भारतातही, तो माझा लाडका प्रश्न मात्र निकालात निघाला आहे. तिथला प्लग गाडीत शिरला की गाडीतली एक खीळ त्याला आतून पकडते. मालकानं मोकळा केल्याशिवाय दुसऱ्याला तो सहसा निघत नाही. म्हणजे भरलेली कळशी उचलायची सोयच नाही, ती नळाला साखळीनं बांधलेली. मालकाला शोधून आणणं एवढाच मार्ग.

हे आपल्याकडे कसं चालतं ते मी गेल्या वर्षी पाहिलं. आत्तेभावाबरोबर पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो, साताऱ्याच्या पुढे एका हॉटेलच्या आवारात थांबलो. दोन चार्जर, त्यातला एक बंद. सुरू असलेल्यावर एक गाडी, ९३ टक्क्यांवर, मालक बेपत्ता. आमच्या पुढे एक कुटुंब थांबलेलं, म्हातारे आजोबा गाडीत. बंद चार्जरसमोर एक डिझेलची इनोव्हा निवांत, सावली होती म्हणून. भारतात २०१८ मध्ये सरकारनं स्पष्ट केलं की चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यामुळे कोणालाही परवान्याशिवाय स्टेशन काढता येतं. महामार्गावर दर २५ किलोमीटरला स्टेशन असावं असंही तेव्हाच ठरलं. पण स्टेशनवर कसं वागायचं हे कोणी ठरवलेलं नाही. मी मनात म्हटलं, आता ट्रेसीच्या बाईंची पुनरावृत्ती.

तेवढ्यात आवारातला वॉचमन आला. साठीचा माणूस, कानाला मफलर. त्याच्या हातात शाळेची शंभर पानी वही होती. त्यात त्यानं गाडीचा नंबर, आल्याची वेळ, मोबाइल आणि शेवटच्या रकान्यात 'कुठं बसले' असं लिहिलं होतं. ९३ टक्केवाल्याच्या पुढे लिहिलेलं : फॅमिली रूम, खिडकीजवळ. तो आत गेला, तीन मिनिटांत त्या गृहस्थांना घेऊन आला. गृहस्थ पुटपुटत होते की अजून सात टक्के राहिलेत. वॉचमननं त्यांना आजोबांची गाडी दाखवली आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला कराडपर्यंत जायचंय ना? ९३ रग्गड झालं." त्यांनी गाडी काढली.

मी त्याला विचारलं, ही वही हॉटेलवाल्यांनी ठेवायला सांगितली का? तर म्हणाला, नाही, दिवाळीत इथं दोघांची मारामारी झाली, तेव्हापासून मीच ठेवतो. पगारात ह्याचं काही मिळत नाही. पूर्वी तो गावच्या पाणीपुरवठ्याच्या टँकरवर होता. मग आमचा नंबर लिहून घेतला, आमचे किती टक्के आहेत ते विचारलं, आणि इनोव्हावाल्याला हुडकायला गेला.